कोळशाची मोटर येऊन राहिली

मी आयुष्यात एकदाच बस चालवली, आणि तीही ड्रायव्हरला रस्त्यावर सोडून. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि विषय बदलतात. माझी सख्खी नातसुद्धा "हो का, आजी?" म्हणते. तिच्या त्या "हो का" चा मला इतका राग येतो की शेवटी म्हटलं, लिहूनच काढावं.

लढाईचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि माझ्या लेखी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. मी पुण्याची. वडील भिक्षुकी करायचे. मी ट्रेनिंग कॉलेजातून मास्तरीण होऊन बाहेर पडले आणि घरात बसले, कारण नोकरी मिळत नव्हती आणि स्थळं मात्र येत होती. त्यातलं वाईचं एक स्थळ वडिलांना फार पसंत पडलं. मुलानं बघायला आल्यावर मला एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला थोडं कमी बोलता येईल का?" मी म्हटलं, "येईल, तुम्ही समोर असाल तर सहज येईल." वडिलांनी कपाळाला हात लावला. आठ दिवसांनी तिकडून होकार आला. बघा म्हणजे!

मी रडून-भांडून वडिलांकडून मुदत मागून घेतली. थोरली बहीण अमरावतीला दिलेली होती, तिचे यजमान वकील. त्यांच्याकडे राहून नोकरी शोधायची. माघ संपेपर्यंत मिळाली तर मिळाली, नाहीतर मुकाट्यानं परत यायचं आणि वाईला कमी बोलत आयुष्य काढायचं. माघाचे चार दिवस उरले असताना अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेचं पत्र आलं. सोमवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हावे, न झाल्यास यादीतील पुढच्या उमेदवारास तारेने बोलावण्यात येईल. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

सोमवारी सकाळी वकीलसाहेबांची नेमकी तारीख होती. त्यांनी मला अमरावतीच्या स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. "बडनेऱ्याला उतरायचं, अकोल्याची गाडी पकडायची. यात चुकण्यासारखं काही नाही," असं ते म्हणाले. वकिलांनी असं म्हटलं की काय होतं, ते मला पुढं आयुष्यभर बघायला मिळालं.

बडनेऱ्याला मी ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरले. समोर एक गाडी उभी होती, पण मी पुण्याची, विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. एका हमालाला विचारलं, "अहो, अकोल्याची गाडी?"

त्यानं समोर हात केला आणि म्हणाला, "जाऊन राहिली ना, बाई!"

आता पुण्याच्या कानांनी हे ऐका. जाऊन राहिली. म्हणजे गेली. गेली ती गेली, आणि वर तिकडंच राहिली. मी ट्रंकेवर मटकन बसले. समोरची गाडी हळूहळू हलायला लागली. ती दुसरीच कुठली तरी असणार, असं धरून मी तिच्याकडे सुस्कारे टाकत बघत राहिले. एका खिडकीत एक गुटगुटीत मूल होतं, त्यानं हात हलवला. मीही हलवला. एवढ्या दुःखातही माणसानं माणुसकी सोडू नये.

हमाल माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. "बाई, तुमी बसून काहून राहिल्या?"

मला असा संताप आला! काय हे बोलणं, काय ही भाषा! मी म्हटलं, "मी कुठं बसायचं ते मी ठरवीन." तोवर गाडीचा शेवटचा डबाही निघून गेला.

पुढची गाडी दुपारी होती. म्हणजे संपलंच. माझ्या डोळ्यांना पाण्याची धार लागली, तेव्हा त्या हमालालाच दया आली. म्हणाला, "रडू नोका. बाहेर जा. अकोल्याची मोटर येऊन राहिली."

येऊन राहिली! म्हणजे आलेली आहे, उभी आहे! मी ट्रंक त्याच्या डोक्यावर दिली आणि धावले. बाहेर एकच मोटर उभी होती. मी तिच्यात चढून बसले. दहा मिनिटं बसले. आत दुसरं कुणीच कसं नाही, असं वाटत होतं, तेवढ्यात एकानं माझ्या मांडीवर कापसाचं गाठोडं आणून टाकलं. ती मोटर कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याची होती. मी खाली उतरेपर्यंत स्टेशनच्या रस्त्यानं धुराचा लोट आणि भोंग्याचा भोंऽ भोंऽ आवाज करत खरी मोटर आली.

तिला बघून मी माझं दुःख विसरले. पेट्रोल तेव्हा मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशावर चालवायचे. या मोटरीच्या पाठीला एक भलीमोठी लोखंडी भट्टी बांधली होती. पुढून बघावं तर बस, मागून बघावं तर आमच्या घरचा अंघोळीचं पाणी तापवायचा बंब. भट्टीत लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात जायचा आणि मोटर पळायची. निदान तसं ठरलेलं होतं.

ड्रायव्हर म्हणजे एक अवाढव्य माणूस होता. हसला की सबंध मोटर हलायची. त्याच्या शेजारच्या बाकावर फुलांच्या चार टोपल्या आणि त्यांच्या पलीकडे एक ठेंगणी, काळी, झणझणीत माळीण. ती होती त्याची सासू. ही गोष्ट कळायला मला एक मिनिटही लागलं नाही, कारण मोटर सुरू होताच ती म्हणाली, "काहो जवाईबापू, ही मोटर चालून राहिली का झोपून राहिली?"

"चालून राहिली, मामी," ड्रायव्हर एकदम बारीक आवाजात म्हणाला.

माझ्या मागं एक भटजी बसले होते, सगळे त्यांना महाराज म्हणत. उघड्या अंगावर उपरणं, मांडीवर पोथी आणि होमाच्या समिधांची जुडी. अकोल्याला जठारपेठेत एक लग्न होतं, बारा वाजून काही मिनिटांचा मुहूर्त होता. भटजी तिथंच निघाले होते आणि टोपल्यांतली फुलंही तिथंच निघाली होती. म्हणजे मोटरीत तीन माणसांना बाराची घाई होती, मला, महाराजांना आणि झेंडूला. बाकीच्या पंधरा-वीस जणांना कसलीच घाई नव्हती आणि ते मजेत होते.

मोटर निघाली. वारा! मी इतक्या उघड्या गाडीत कधी बसलेच नव्हते. दोन्ही बाजूंना नुसतं कॅनव्हास, तेही वर गुंडाळलेलं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले, कारण दिवसभर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायच्या आणि बाभळी त्यांच्यातलं थोडं थोडं काढून घ्यायच्या. झेंडूच्या पाकळ्या उडून माझ्या केसांत येत होत्या, आणि भट्टीची काजळी माझ्या तोंडावर. मला हसू फुटायला लागलं. कशाचं ते सांगता येत नाही. नोकरी जायची वेळ आली होती, गाडी चुकली होती, आणि मी एकटी, कुणी सोबत नाही, बंबाला जोडलेल्या बसमधून वऱ्हाडात भरधाव निघाले होते. वाईचा मुलगा आत्ता बघायला हवा होता मला, असं वाटलं.

भरधाव म्हणजे उतारावर. चढ आला की सगळ्यांनी खाली उतरायचं आणि मोटरीबरोबर चालायचं, असा नियम होता. एका चढावर कापसाची बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. गाडीवाल्यानं ड्रायव्हरला विचारलं, "बांधू का मांगं?" सासूबाई इतक्या हसल्या की ड्रायव्हरची मान लाल झाली.

मूर्तिजापूर सोडलं तेव्हा साडेनऊ झाले होते. अजून सगळं जमण्यासारखं होतं. मग एका नाल्यापाशी मोटरीनं दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. भट्टी विझली होती.

ड्रायव्हरनं झाकण उघडलं. कोळसा ओला निघाला. भट्टीला एक पंखा होता, हातानं फिरवायचा. आळीपाळीनं सगळ्या पुरुषांनी तो फिरवला. नुसता धूर. दहा वाजले. मी पत्राची घडी उघडून पुन्हा वाचली, जणू मधल्या वेळात बाराचे दोन झाले असतील. माझा जीव रडकुंडीला आला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अहो, माझी नोकरी जाईल! मला बाराच्या आत पोचायचंय, नाहीतर माझं लग्न करून टाकतील!"

"मंग करा ना लग्न," माळीण म्हणाली. "फुलं हायेत, महाराज हायेत."

त्यावर भटजी उठले. उपरणं कमरेला बांधलं. "सरका सगळे," म्हणाले. "अग्नी हे आमचं काम आहे." त्यांनी भट्टीत वाकून पाहिलं, तोंडानं चक् चक् केलं आणि ओला कोळसा काढायला लावला. मग मांडीवरची समिधांची जुडी सोडली आणि होमकुंडात रचतात तशा त्या समिधा भट्टीत नीट रचल्या. मी भटजीची मुलगी, मला ती रचना ओळखू आली. वडिलांची आठवण झाली, आणि त्याच वेळी इतकं हसूही येत होतं की पदर तोंडात कोंबावा लागला. महाराजांनी पंखा हातात घेतला. कसा फिरवला म्हणता! मंत्र म्हणत, तालावर. जाळ धडधडून वर आला. मग त्यांनी पिशवीतून तुपाची लोटी काढली.

"तुपाले हात लावू नोका, महाराज!" ड्रायव्हर ओरडला. "मोटरीले तुपाची सवय लागली तं मी कुठून आणू?"

"आणि लग्नाच्या होमाला समिधा?" कुणीतरी विचारलं.

"अकोल्यात आंब्याचं झाड नाही की काय?" महाराज म्हणाले आणि लोटी पिशवीत ठेवली.

भट्टी पेटली, पण इंजिनाला आता धक्का मारून चालू करायचं होतं. या मोटरीची त्या बाबतीत एक पद्धत होती, जी मी जन्मात दुसरीकडे कुठं पाहिली नाही. धक्का मारताना ड्रायव्हर मोटरीत बसायचा नाही. तो सगळ्यांत वजनदार आणि सगळ्यांत ताकदवान. त्यानं खाली उतरून ढकलायचं, आणि उतारूंमधलं सगळ्यांत हलकं माणूस चाकावर बसवायचं. नेहमी म्हणे एक किडकिडीत तलाठी असायचा, तो त्या दिवशी आला नव्हता. ड्रायव्हरनं सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी थांबली.

"बाई, तुमी बसा."

"मी? अहो, मला सायकलसुद्धा येत नाही!"

"सायकल कठीण राहते. मोटर सोपी राहते. चार चाकं हायेत, पडत नाई." त्यानं मला उचलल्यासारखं करून आपल्या जागेवर बसवलं. त्या जागेत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. "डाव्या पायाखाली हाय ते दाबून ठेवा. मी 'सोडा' म्हटलं का सोडा. मंग उजव्या पायाखालचं हळूच दाबा. अन् मधल्याले पायच लावू नोका. मधल्यानं मोटर थांबते. आता थांबली तं सांजपर्यंत सुरू नाई होत."

"आणि चाक?"

"रस्ता जिकडे जाईन तिकडे फिरवा."

सगळे खाली उतरले. फक्त माळीण उतरली नाही. तिनं फुलांच्या टोपल्यांवर हात पसरले आणि म्हणाली, "म्या उतरली तं फुलं कोण धरंल?" जावयाला सासूचं वजनही मोजता येईना आणि तिला उतर म्हणताही येईना. त्यानं खांदा लावला. महाराजांनी धोतर खोचून खांदा लावला. मोटर हलली, नाल्याच्या उताराला लागली. मागून आरोळी आली, "सोडा!"

मी सोडलं. मोटरीनं असा गचका दिला की माझे दात वाजले. मग फट् फट् फट् झालं आणि तिच्या पोटातून एक खरखरीत, गोड आवाज सुरू झाला. मी उजवा पाय दाबला. मोटर पळायला लागली. मी चालवत होते! मी! रस्ता जिकडे जात होता तिकडे मी चाक फिरवत होते आणि मोटर ऐकत होती! सगळ्या आयुष्यात माझं इतकं कुणीच ऐकलं नव्हतं.

मागून ड्रायव्हरचा आवाज आला, "येऊन राहिलो, बाई! येऊन राहिलोऽ!"

येऊन राहिलो. छान. म्हणजे आला, मागच्या पायरीवर चढला, तिथंच उभा राहिला. मी निर्धास्त झाले. जरा जास्तच दाबलं. भोंग्याचा रबरी फुगा हाताशी होता, तोही दोनदा दाबून पाहिला. समोरून येणारा एक सायकलवाला मला बघून सरळ बाभळीत गेला. मागून पुन्हा आलं, "येऊन राहिलोऽ!" पण या वेळी आवाज बारीक वाटला. मी ओरडून सांगितलं, "हो हो, राहा! तिथंच राहा!"

असा मैल-दीड मैल गेला असेल. माळीण बाहेर डोकं काढून मागं बघत होती. तिनं डोकं आत घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "वं बाई, जवाई मांगं पयून राहिले."

"पळून? कुठं पळून राहिले?"

"तुह्या मांगं! अन् महाराज बी पयून राहिले. सारेच पयून राहिले."

मी मान वळवून पाहिलं. लांब, धुळीत, वीस माणसांची रांग धावत येत होती. सगळ्यांत पुढं महाराजांचं उपरणं फडफडत होतं. मोटरीत मी आणि माळीण, आणि चार टोपल्या फुलं.

"पण ते म्हणाले ना, येऊन राहिलो!"

"मंग? येऊनच राहिले नं!"

"आले म्हणाले!"

माळणीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुण्याहून नाही, चंद्रावरून उतरले होते. "येऊन राहिला म्हंजे आला नाई अजून. रस्त्यात हाय. येऊन राहिला."

"मग आल्यावर काय म्हणता?"

"आला म्हणतो. आलेल्याले आला म्हणतो, दुसरं काय म्हणाव?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बडनेऱ्याची गाडी! जाऊन राहिली! ती माझ्या नाकासमोरून जात होती, आणि मी ट्रंकेवर बसून तिला हात हलवला होता! "अगं बाई, मी बसू शकले असते!" मी किंचाळले, आणि मग मला असं हसू सुटलं, असं हसू सुटलं, की चाक हातात धरवेना. मोटर नागमोडी जायला लागली. माळीण आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. कशाला हसतोय हे तिला ठाऊक नव्हतं, तिनं तेही विचारलं नाही.

पण आता करायचं काय? मधल्याला पाय लावला तर मोटर सांजेपर्यंत बंद. न लावावा तर ड्रायव्हर अकोल्यापर्यंत पळत येणार. तेवढ्यात एक गाव आलं, आणि गावाबाहेर आठवडी बाजाराचं मैदान लागलं. बाजाराचा वार नव्हता, मैदान मोकळं होतं, आणि मधोमध चिंचेचं एक थोरलं झाड होतं. मी चाक फिरवलं. मोटर रस्ता सोडून मैदानात शिरली आणि चिंचेला फेरी घालायला लागली.

एक फेरी झाली, दुसरी झाली. गावातली माणसं, बाया, कुत्री, सगळी जमली. "वडाले सात घालतेत," माळीण म्हणाली. "चिचेले कितीक घालतं वं?"

तिसऱ्या फेरीला धावणारे पोचले. मग काय वर्णन करू! मोटर फिरतेय, माणसं तिच्या बाजूनं धावतायत, प्रत्येक फेरीला दोघे-तिघे दांडी धरून आत उडी मारतायत, आत आलेले बाहेरच्यांना हात देतायत, आणि गावकरी टाळ्या वाजवतायत. महाराज चौथ्या फेरीला चढले आणि चढताक्षणी विचारते झाले, "भट्टी पेटती आहे ना?" सगळ्यांत शेवटी, घामानं निथळत, ड्रायव्हर आला. त्यानं माझ्या बाजूची दांडी धरली आणि धापा टाकत म्हणाला, "आलो! बाई, आता आलो! सरका!"

मी सरकले. तो चाकावर बसला. मग तो म्हणाला, "लय चांगली चालवता हो तुमी. फक्त मले घेऊन चालवत जा."

अकोल्यात शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माझं हसू तिथंच आटलं. मोटर थांबवायची नव्हती, त्यामुळे उतारू चालत्या मोटरीतून एक एक उतरत गेले. लग्नघर आधी लागलं. मुहूर्ताला काही मिनिटं होती, वऱ्हाडी मंडळी दारात उभी होती. त्यांनी बरोबर पळत टोपल्या बाजूनं ओढून घेतल्या. महाराजांनी पोथी छातीशी धरली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नोकरी मिळेल," म्हणाले, आणि साठीच्या माणसानं अशी उडी मारली की मांडवातल्या पोरी ओरडल्या. माळीण मात्र उतरली नाही. "मास्तरीणबाईचं काय होते ते पाहून जातो," म्हणाली.

शाळेच्या फाटकापाशी मोटर मुंगीच्या पावलानं चालली होती. मी उतरले. ट्रंक उतरली. माळणीनं बाहेर वाकून, टोपलीतून आधीच काढून ठेवलेली शेवंतीची वेणी माझ्या केसांत खोवली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. अमरावतीचं तिकीट, मग पुणे, मग वाई, सगळं डोळ्यांसमोर ओळीनं उभं राहिलं. ते कमी बोलणं मला आता कधीच जमणार नव्हतं, हे मला त्या सकाळी पक्कं कळून चुकलं होतं.

फाटकातून एक चपराशी सायकल काढत होता, हातात कागद. मी विचारलं, "मुख्याध्यापिकाबाई आहेत का?"

"हायेत. मी पोस्टात जाऊन राहिलो. पुण्याच्या बाई आल्या नाईत, म्हून दुसरीले तार करून राहिलो."

करून राहिलो.

बडनेऱ्याला मी हे ऐकून ट्रंकेवर बसले होते. आता मी बसले नाही. मी सायकलचं कॅरियर दोन्ही हातांनी पकडलं. "करून राहिलात म्हणजे केली नाही ना अजून?"

"केली असती तं केली म्हटलं असतं," चपराशी चिडून म्हणाला. "सायकल सोडा, बाई!"

"नाही सोडणार! मीच पुण्याची बाई! मी आले! आलेल्याला आली म्हणतात, म्हणून सांगते, आली!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तोंड धुवा आधी." तो कागद घेऊन आत वळला, आणि मी अंगणातल्या नळाखाली तोंड धरलं. पाणी काळं झालं. आतून एक करडा बायकी आवाज आला, कोकणी हेल असलेला. "आल्या म्हणता ना? मग आत का येत नाहीत?"

माझ्या डोळ्यांत काजळी गेली होती, कानांत इंजिन होतं, आणि तोंडात सकाळपासूनचा एकच शब्द. मी तिथूनच ओरडले, "येऊन राहिले!"

आत खुर्ची सरकली. मग मुख्याध्यापिकाबाई स्वतः बाहेर आल्या. पांढरं पातळ, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी माझं निथळतं तोंड पाहिलं, काजळलेलं पातळ पाहिलं, वेणी पाहिली. हातात तो तारेचा कागद होता.

"उशीर का झाला?"

मी सगळं खरं सांगितलं. गाडी जाऊन राहिली तिथपासून. मध्येच केव्हातरी त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "वीस वर्षांपूर्वी मी रत्नागिरीहून आले, तेव्हा मला सांगितलं की तुमचं जेवण होऊन राहिलं. मी उपाशी झोपले." मग चष्मा घातला, आणि आवाज पुन्हा करडा झाला. "या वर्षी तुमच्याकडच्या तीन शिक्षिका आल्या. तिघी आल्या. राहिली एकही नाही. एकीला ऊन सोसलं नाही, एकीला तिखट, तिसरीला मुलींची बोली अशुद्ध वाटली. तुम्ही आत्ता ओरडलात ते मी ऐकलं. इथल्या अर्थानं म्हणालात, ते कळलं. आलात, हेही दिसतंय. मला तुमच्या पुण्याचा अर्थ हवाय. राहणार का?"

मला रडूच फुटलं. मी नुसती मान हलवली, दोनदा, तीनदा. त्यांनी तारेचा कागद उलटा केला आणि पाठीवर पेन्सिलीनं लिहायला लागल्या. चौथीचा वर्ग, मराठी आणि गणित.

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. भोंऽ भोंऽ. पुन्हा वाजला. मी फाटकाकडे धावले. मोटर थांबवता येत नव्हती, म्हणून ड्रायव्हर इतका वेळ शाळेच्या भोवती फेऱ्या घालत होता. कोपऱ्यावरून धूर सोडत ती आली. माळीण अर्धी बाहेर लोंबकळत होती. "वं बाई!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शाळेच्या सगळ्या खिडक्यांत मुली आल्या. "काय झालं वं?"

मी दोन्ही हात वर केले आणि तिच्याच भाषेत ओरडले, "राहिली! मी राहिली!"